आगीचे फवारे बसविताना ठेकेदार कसा निवडावा?

आपल्यापैकी अनेकांचा धंदा आणि घर एकाच छताखाली असते. खाली दुकान किंवा कारखाना, मध्ये पोटमाळ्यावर माल, वर कुटुंब. कामगारही बहुधा रात्री तेथेच झोपतात. जागेची टंचाई आणि वाढलेले भाडे पाहता यात कोणाला दोष देता येणार नाही. मात्र अशा जागेत आग लागली तर धंद्याबरोबर माणसेही जातात. ३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबाद) छावणी भागात शिलाईच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातील सात जण धुराने गुदमरून मरण पावले. १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जणांचा बळी गेला. त्यांत मालकाचे कुटुंबीय होते आणि कामगारही होते.

अशा घटनांनंतर काही व्यापारी व कारखानदार आपल्या जागेत आगीचे स्वयंचलित फवारे, म्हणजे स्प्रिंकलर, बसवून घेण्याचा विचार करतात. विचार चांगला आहे. पण हे काम असे आहे की त्याचा खरेखोटेपणा आग लागल्यावरच कळतो. छताला लाल पाइप आणि चकचकीत तोट्या दिसल्या म्हणजे काम झाले असे नव्हे. म्हणून ठेकेदार निवडतानाच काळजी घेतली पाहिजे.

फवारा काम कसे करतो?

हे साधन नवे नाही. अमेरिकेतील हेन्री पार्मेली या पियानो बनविणाऱ्या कारखानदाराने १८७४ साली स्वतःच्या कारखान्याच्या रक्षणासाठी असे फवारे तयार केले होते. छताखाली पाण्याने भरलेल्या पाइपांचे जाळे असते. प्रत्येक फवाऱ्याचे तोंड काचेच्या लहान नळीने बंद केलेले असते. नळीत रंगीत द्रव असतो. ठराविक उष्णता पोहोचली की द्रव फुगतो, काच फुटते आणि पाणी सुटते. ज्या फवाऱ्याखाली आग आहे तोच उघडतो. सिनेमात दाखवितात तसे सगळे फवारे एकाच वेळी सुरू होत नाहीत. त्यामुळे 'सगळा माल भिजेल' ही भीती बहुतेक ठिकाणी अनाठायी आहे.

त्याची मर्यादाही समजून घ्यावी. फवारा उष्णतेने उघडतो, धुराने नाही. धूर त्याच्या आधी माणसापर्यंत पोहोचतो. म्हणून धुराची सूचना देणारा भोंगा आणि बाहेर पडण्याचा दुसरा रस्ता यांची जागा फवारा घेऊ शकत नाही. वर कुटुंब राहत असेल आणि जिना एकच असेल, तोही दुकानातून जाणारा, तर पैसा आधी दुसऱ्या वाटेवर खर्च करावा. जो ठेकेदार हे न सांगता फक्त फवारे विकतो त्याच्याविषयी तेथेच सावध व्हावे. तसेच थिनर, रॉकेल, तेल यांचा साठा असेल तर नुसते पाणी पुरत नाही. त्यासाठी वेगळी व्यवस्था लागते.

परवाना आधी पाहा

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. या कायद्याने आगीपासून संरक्षणाची जबाबदारी इमारतीच्या मालकावर आणि वापर करणाऱ्यावर टाकली आहे. म्हणजे गाळा भाड्याचा किंवा पागडीचा असला तरी आपण सुटत नाही. कोणत्या इमारतीत कोणती साधने हवीत हे तिचा वापर, उंची आणि क्षेत्रफळ यांवर ठरते. लहान घराला कायद्याने फवारे बहुधा लागणार नाहीत, पण गोदाम किंवा कारखाना यांना लागू शकतात. आपल्या जागेला काय लागते हे स्थानिक अग्निशमन दलाच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारावे. ठेकेदाराच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नये.

याच कायद्यानुसार ही कामे करणाऱ्या संस्थेकडे राज्याच्या अग्निशमन सेवा संचालकांचा परवाना असावा लागतो. काम पूर्ण झाल्यावर परवानाधारक संस्था फॉर्म 'ए' मध्ये दाखला देते. पुढे दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा फॉर्म 'बी' मधील दाखला घ्यावा लागतो.

म्हणून पहिला प्रश्न दराचा नको, परवान्याचा हवा. परवाना कोणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते, कोणत्या कामासाठी दिला आहे हे पाहावे आणि अग्निशमन कार्यालयात त्याची खात्री करून घ्यावी. पुष्कळदा परवाना एकाचा, बिल दुसऱ्याचे आणि काम तिसऱ्याच मिस्त्रीचे असते. असे असेल तर उद्या तक्रार कोणाकडे करणार?

जागा न पाहता भाव सांगणारा

चांगला ठेकेदार फोनवर भाव सांगत नाही. तो जागेवर येतो, टेप लावतो आणि प्रश्न विचारतो. माल कोणता? किती उंच रचता? रात्री कोण झोपते? पाण्याची टाकी केवढी? वीज जाते का? हे प्रश्न त्याने विचारले नाहीत तर त्याला यंत्रणा आखता येत नाही असे समजावे.

फवाऱ्यांसाठी आपल्याकडे आय.एस. १५१०५ हे भारतीय मानक आहे. त्यात जागांची धोक्याप्रमाणे वर्गवारी केलेली आहे. विणकाम, शिलाई अशी कामे सहसा मध्यम धोक्यात मोडतात. फोम, प्लास्टिक किंवा उंच रचलेल्या गाठी असतील तर धोका वाढतो. मध्यम धोक्यासाठी एका फवाऱ्याखाली जास्तीत जास्त १२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १३० चौरस फूट, जागा धरतात आणि प्रत्येक चौरस मीटरला दर मिनिटाला ५ लिटर पाणी मिळावे असे धरतात.

हा हिशेब कोणालाही करता येईल. २० बाय ३० फुटांचा गाळा म्हणजे ६०० चौरस फूट. त्याला किमान पाच फवारे आणि मांडणी नीट बसविण्यासाठी बहुधा सहा लागतील. कोणी तीनच फवाऱ्यांत काम भागवतो म्हणत असेल तर तो भाव नव्हे, संरक्षण कमी करीत आहे. आता पाणी पाहा. एका फवाऱ्याला मिनिटाला ६० लिटर. चार उघडले तर २४० लिटर. छतावरची १००० लिटरची घरगुती टाकी चार मिनिटांत रिकामी होईल. ५००० लिटरची टाकी सुमारे वीस मिनिटे पुरेल. मानकाप्रमाणे साठा किती हवा हे ठेकेदाराने कागदावर मांडून दाखवावे. 'नळाच्या लाइनला जोडून देतो' म्हणणाऱ्याला हात जोडावेत.

आणखी दोन प्रश्न विचारा. पहिला, काचेची नळी कोणत्या रंगाची लावणार? लाल नळी ६८ अंश सेल्सिअसला, पिवळी ७९ ला आणि हिरवी ९३ अंशांना फुटते. नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा सुमारे ३० अंश वरची नळी निवडतात. मराठवाडा, विदर्भ किंवा खानदेशात पत्र्याखाली मे महिन्यात किती तापते हे आपल्याला ठाऊक आहे. तेथे लाल नळी आग नसताना फुटून माल भिजवू शकते. भट्टी, इस्त्री किंवा बॉयलरजवळही हेच ध्यानात ठेवावे. दुसरा प्रश्न, पंपाला वीज कोठून देणार? आग लागली की आपण पहिल्यांदा मेन स्विच बंद करतो. पंप त्याच स्विचवर असेल तर पाणीही बंद होते. पंपाला स्वतंत्र जोडणी हवी आणि वीज गेली तर पर्यायी व्यवस्था हवी.

दरपत्रक कसे वाचावे?

किमान तीन ठिकाणांहून लेखी दरपत्रके घ्यावीत. 'संपूर्ण काम अमुक लाखात' अशा एका ओळीच्या दरपत्रकाला काही अर्थ नाही. त्यात फवाऱ्यांची संख्या, कंपनी व आय.एस.आय. चिन्ह, पाइपाचा प्रकार, जाडी व लांबी, पंपाची क्षमता, टाकी, व्हॉल्व्ह, दाबमापक, मजुरी, कर आणि फॉर्म 'ए' चा खर्च वेगवेगळा असावा. पाइप लोखंडीच असावा आणि त्यावर मानकाची खूण असावी. नळाचा साधा प्लास्टिक पाइप आगीत वितळतो. तीन दरपत्रकांत एक फारच स्वस्त असेल तर फरक कोठे आहे ते ओळीओळीने शोधावे. बहुधा तो पाइपाच्या जाडीत, पंपात किंवा टाकीत सापडतो.

ठेकेदाराने केलेली दोन-तीन कामे स्वतः जाऊन पाहावीत. नवे काम पाहण्यापेक्षा दोन-तीन वर्षांपूर्वीचे पाहावे. तेथील मालकाला विचारावे की, काम झाल्यावर ठेकेदार फोन उचलतो का? गळती झाली तेव्हा किती दिवसांनी आला?

ओळखीचा आहे, मग कागद कशाला?

आपल्याकडे बरीच कामे ओळखीवर दिली जातात. ठेकेदार नात्यातला किंवा मोहल्ल्यातला असला की कागद मागणे अपमानाचे वाटते. परंतु व्यवहार लिहून ठेवणे हा अविश्वास नाही. वाद न होण्याची ती सोय आहे आणि संबंध टिकतात तेही त्यामुळेच. करारात कामाचा नकाशा, मालाची यादी, मुदत, हमीचा काळ आणि परवानाधारकाची सही असावी. गाळा भाड्याचा असेल तर मालकाची लेखी संमती जोडावी.

पैसे हप्त्यांनी द्यावेत. थोडी रक्कम काम ठरताना, काही माल जागेवर आल्यावर व तो तपासल्यावर, काही पाइप जोडून झाल्यावर. किमान पाचवा हिस्सा चाचणी आणि फॉर्म 'ए' हाती येईपर्यंत राखून ठेवावा. प्रत्येक रकमेची पावती आणि शेवटी पक्के बिल घ्यावे. आगीच्या विम्याच्या वेळी हेच कागद उपयोगी पडतात. विमा कंपनीलाही काम सुरू करण्यापूर्वी विचारावे, हप्त्यात सवलत मिळण्याची शक्यता असते.

चाचणी समोर उभे राहून

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी पाइपात नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन तो किमान दोन तास टिकतो का हे पाहावे. दाबमापकाचा काटा उतरला तर कोठेतरी गळती आहे. छत बंद करण्यापूर्वी ही चाचणी व्हावी. नंतर चाचणीचा व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडावे, दाब उतरताच पंप आपोआप सुरू होतो का आणि भोंगा वाजतो का हे पाहावे. मेन स्विच बंद करून पुन्हा तीच चाचणी करावी. घरातील आणि कारखान्यातील दोन माणसांना मुख्य व्हॉल्व्ह कोठे आहे हे दाखवून घ्यावे.

त्यानंतरची जबाबदारी आपली. फवाऱ्यांवर रंग लावू नये, पाइपाला कपडे किंवा वायरी टांगू नयेत. फवाऱ्याच्या खाली किमान अर्धा मीटर जागा मोकळी ठेवावी. सणासुदीला माल छतापर्यंत रचला जातो आणि नेमके त्याच दिवसांत फवारा झाकला जातो. गळती झाली म्हणून मुख्य व्हॉल्व्ह बंद करून ठेवणे ही सर्वांत मोठी चूक. दुरुस्ती त्याच दिवशी करून घ्यावी. वार्षिक देखभालीचा करार काम देतानाच ठरवावा, नंतर ठेकेदार तोंडाला येईल तो भाव सांगतो.

एवढा खर्च आज शक्य नसेल तर निदान प्रमाणित अग्निशामक सिलिंडर, धुराचा भोंगा, वायरिंगची तपासणी आणि अडथळा नसलेला दुसरा रस्ता एवढे तरी या महिन्यात करून घ्यावे. रात्री बाहेरून कुलूप लावून कामगारांना आत झोपविण्याची पद्धत आजच बंद करावी. त्याला कोणताही ठेकेदार लागत नाही आणि एक पैसाही खर्च होत नाही.