वांग्याचं झाड हिरवंच सुकलं, तर पाणी वाढवू नका



भातकापणी उरकत आली, आता परसात वांगी लागतील. त्याआधी दोन मिनिटं काढून हे वाचा.

डिप्लोमा करून घरी आलो त्या वर्षी आईने न्हाणीच्या पाटाला बारा वांगी लावली होती. ऐन फुलावर एक झाड दुपारी मान टाकून उभं, पानं मात्र हिरवीगार. मी शहाणपणाने सांगितलं, "आई, पाणी कमी पडतंय." पाणी वाढवलं. पंधरवड्यात पाटाच्या उताराने एकापाठोपाठ आठ झाडं गेली. ती तहान नव्हतीच. जिवाणूजन्य मर होती आणि पाण्याबरोबर मीच ती पुढच्या झाडाला पोचवत होतो. आपली आम्लधर्मी जांभी माती, ओल आणि उष्ण हवा या रोगाला मानवते.

*ओळखायचं कसं?*
बुंध्याजवळचा खोडाचा तुकडा कापा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात कापलेलं टोक बुडेल असा धरा. काही मिनिटांत दुधासारखी तार खाली उतरली, तर मर आहे. नुसता कोवळा शेंडाच मलूल असेल तर ती पोखरणारी अळी. तेवढा शेंडा खुडून नष्ट करा.

*मर असेल तर*
▪️ झाड मुळासकट उपटून जाळा. शेणखतात टाकू नका.
▪️ पाट बंद करा. प्रत्येक आळ्याला वेगळं पाणी घाला.
▪️ खुरपं, कुदळ धुऊनच दुसऱ्या वाफ्यात न्या.
▪️ बुरशीनाशकावर पैसे घालवू नका. लागण झालेलं झाड वाचत नाही.

*या वेळी लावताना*
▪️ गेल्या वर्षी वांगी, टोमॅटो, मिरची होती ती जागा सोडा. तिथे चवळी, मका किंवा पालेभाजी घ्या.
▪️ गादीवाफा करा, दोन रोपांत दोन फूट अंतर ठेवा, चांगलं कुजलेलं शेणखत घाला. चुना माती तपासूनच.
▪️ बंगळूरुच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का निधी, अर्का केशव, अर्का नीलकंठ या जाती मर रोगाला प्रतिकारक आहेत.
▪️ आंब्याचं कलम बांधतो तसं रानवांग्यावर बांधलेलं वांग्याचं रोप मिळालं तर उत्तम. जोड मातीत गाडू नका.

शंका आली तर आधी ग्लास, मग औषधाचं दुकान. ग्लासाचा फोटो याच नंबरवर पाठवा, बघून सांगतो.

– तुमचा कृषी सल्लागार