हरिविजयाची हरवलेली पोथी

गुप्तधनाची कादंबरी म्हटली की भुयार, सांकेतिक नकाशा आणि शेवटी मोहरांचा हंडा. पो यांच्या ‘द गोल्ड बग’पासून (१८४३) हा साचा जगभर चालत आला. उम्बेर्तो एको यांनी ‘द नेम ऑफ द रोज’मध्ये (१९८०) हंड्याच्या जागी ॲरिस्टॉटलचा विनोदावरचा हरवलेला ग्रंथ ठेवला, आणि बोर्हेस यांनी तर कधी लिहिलेच न गेलेल्या ग्रंथांची परीक्षणे लिहिली. आपल्या रहस्यकथा या वाटेने फारशा गेल्या नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते. कारण असा ऐवज आपल्या वाशिममध्ये आहे.

वाशिम म्हणजे वाकाटक राजांचे वत्सगुल्म. इथल्या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन राजा होता आणि कवीही. श्रीकृष्णाने सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजात आणला, त्यावर त्याने महाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ रचले. काव्यशास्त्राच्या आचार्यांपैकी आनंदवर्धनाने त्याची वाखाणणी केली, कुंतकाने सर्वसेनाला कालिदासाच्या पंगतीला बसवले, भोजाने त्यातले श्लोक उद्धृत केले. पोथी मात्र गेली. उरले ते इतरांच्या ग्रंथांत विखुरलेले श्लोक.

सर्वसेनाचे नावही असेच हरवले होते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या झिजलेल्या शिलालेखात ते होते, पण जुन्या वाचनात निसटले. १९३९ साली वाशिमला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट मिळाला. त्यात पित्याचे नाव स्वच्छ कोरलेले: सर्वसेन. मग पुराभिलेखतज्ज्ञ वा. वि. मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला, आणि तिथेही तेच नाव निघाले. एका तांब्याच्या पत्र्याने दूरच्या दगडावरचे अक्षर वाचून द्यावे, याहून सरस उकल कोणत्या रहस्यकथेत आहे?

या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा तपशील प्राकृतात. संशयी माणूस म्हणेल, बनावट. पण राजदरबारी प्राकृत मागे पडून संस्कृत पुढे येत होते, त्या काळाची ती खरी खूण आहे.

भुयार हवे असेल तर तेही संस्कृत गद्यकार दंडीने दिले आहे. ‘दशकुमारचरिता’तल्या विश्रुताच्या कथेत विदर्भाचे राज्य बुडते, आणि बालराजाला घेऊन विश्रुत दुर्गेच्या मूर्तीखालच्या भुयारातून प्रकटतो. मिराशींना त्या कथेत वत्सगुल्माच्या अस्ताची सावली दिसली.

समजा उद्या कुणी वाशिममध्ये ‘हरिविजया’ची जुनी पोथी पुढे केली. कागद, शाई जुनी मिळवता येईल. पण त्या बनावटकाराला भोजाने दिलेला प्रत्येक श्लोक आपल्या कथेत योग्य जागी बसवावा लागेल, आनंदवर्धनाला भावलेला कथानकातला बदल नेमका हेरावा लागेल, आणि मधल्या शेकडो श्लोकांत सर्वसेनाइतके चांगले लिहावे लागेल. तो पकडला जाईल तो बहुधा या तिसऱ्या कामात, आणि पकडणारा पोलीस नसेल, महाराष्ट्री प्राकृत शिकवणारी एखादी प्राध्यापिका असेल. मला ती कादंबरी वाचायची आहे.