आजीची माळ आणि लाखाचं नाणं

मोबाइलवर जाहिरात येते: वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं द्या, लाखो रुपये घ्या. मग गडचिरोलीपासून राजुऱ्यापर्यंत गल्ले उलटे होतात. त्याच घरातली आजीची चांदीच्या रुपयांची माळ मात्र बाजारात मोडीच्या भावात जाते. आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत नाण्यांबद्दलचा घोळ असा उलटा आहे. हाताशी शेकड्याने मिळणाऱ्या नाण्याला आपण आभाळाएवढी किंमत लावतो, आणि जे खरंच मोलाचं ते वजन न करता देऊन टाकतो.

आधी त्या लाखांचं बघू. स्वतंत्र भारताची स्मारक नाणी १९६४ पासून निघतात. पहिली पंडित नेहरूंची. चलनात सोडलेली स्मारक नाणी भरपूर पाडली जातात आणि त्यांची किंमत छापलेली असते तेवढीच. १९९९ चं शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं संग्राहकाला हवंसं वाटेल, पण त्यावर घर बांधता येणार नाही. शंभर, सव्वाशे रुपयांची जी नाणी टाकसाळ संग्राहकांसाठी काढते ती वेगळी; ती बाजारात फिरतच नाहीत. जाहिरातवाले आधी नोंदणीचे पैसे मागतात, मग कराचे, मग कमिशनचे. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून हे चालल्यामुळे ४ ऑगस्ट २०२१ रोजी बँकेने स्वतः सांगितलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण कुणाकडून शुल्क घेत नाही.

दुसरी ठाम समजूत म्हणजे कंपनी सरकारचं १८१८ चं रामदरबाराचं नाणं. एका बाजूला राम-सीता किंवा हनुमान, दुसरीकडे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि आणा. असं नाणं कंपनीने कधी पाडलं नाही; हे तीर्थक्षेत्री विकले जाणारे टोकन. मद्रासकडे कंपनीने देवाची मूर्ती असलेले सोन्याचे होन पाडले होते हे खरं, पण त्यांचा या टोकनाशी संबंध नाही. सालाचंही इथे काही जुळत नाही: १८१८ च्या मे महिन्यात कंपनीच्या फौजेने चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, किल्ला घेतला, तरी इथलं राज्य भोसल्यांच्याच नावावर राहिलं आणि चांदा इंग्रजी राज्यात गेला तो १८५४ मध्ये. हेच टोकन कधी कधी 'तांदूळ ओढणारं' म्हणूनही दाखवतात. त्यात तांदळाला लोहकण चोपडलेले असतात आणि कुठेतरी चुंबक लपवलेलं असतं, इतकंच.

आता आजीच्या माळेकडे. कलदार, म्हणजे इंग्रजी अमलातल्या चांदीच्या रुपयाची घडण १८३५ च्या कायद्याने ठरली: वजन ११.६६ ग्रॅम, बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. हेच वजन म्हणजे जुना तोळा. आजचा सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतो. म्हणून 'एक रुपया म्हणजे एक तोळा' असं धरून वीस रुपयांची माळ दिली, तर तेहतीस ग्रॅम फुकट जातात. न झिजलेल्या एका रुपयात शुद्ध चांदीच जवळजवळ १०.७ ग्रॅम असते. माळेसाठी कडी डाखलेली असेल तर संग्राहक तोंड फिरवतो, हे मान्य. पण मग किमान चांदीचा भाव तरी पूर्ण मिळायला हवा. वजन डोळ्यांसमोर करून घ्या.

'जितकं जुनं साल तितकी किंमत' हेही खरं नाही. राणीछाप रुपयांवर १८४० आणि १८६२ ही सालं सर्रास दिसतात, कारण टाकसाळीने तीच तारीख वर्षानुवर्षं चालवली. १८६२ ची तर १८७४ पर्यंत. उलट १९३९ सालचा रुपया त्याहून कितीतरी तरुण, आणि खरोखर दुर्मीळ. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, तेव्हा पाडलेल्यांपैकी बहुतेक रुपये वितळवले आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारला. तो रुपया घरात असेल तर मात्र सोनाराकडे नेऊ नका.

राजाचं तोंड दिसलं म्हणजे चांदी, हाही भ्रमच. महायुद्धाने चांदी महाग केली; १९४० पासून रुपयात ती निम्मीच उरली. १९४७ चा वाघाचा रुपया तर शुद्ध निकेलचा. ताडोब्याच्या मुलखात त्याच्यावर जीव असणं समजण्यासारखं आहे, पण चुंबक लावून बघा, चिकटेल. चांदी कधी चिकटत नाही.

इंग्रजांचं राज्य म्हणजे इंग्रजांचे पैसे, असंही अनेकांना वाटतं. पौंड, शिलिंग, पेन्स तिकडे. इथे रुपया, सोळा आणे, आण्याला बारा पै. गंमत म्हणजे १९१८ मध्ये मुंबईच्या टाकसाळीने इंग्लंडचं सोन्याचं सॉव्हरिनही पाडलं. आणि वर्धा नदी ओलांडून राजुऱ्यात गेलं की इंग्रजी रुपयाही संपायचा, कारण तो भाग निजामाचा. तिथे हाली सिक्का चाले. १९५० मध्ये सात हाली रुपयांना सहा भारतीय रुपये असा दर होता. त्या बाजूला चारमिनार आणि उर्दू अक्षरांचं नाणं सापडलं की लोक मोगलांचं म्हणतात. ते बहुधा निजामाचंच असतं आणि त्यात चांदी कलदारपेक्षा कमी.

आजच्या दहा रुपयांच्या नाण्याचं तर हसूच येतं. त्यावर वेगळं चित्र दिसलं की दुकानदार 'चालत नाही' म्हणतो. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने चौदा प्रकारची दहाची नाणी वैध असल्याचं जाहीर केलं. त्यात २०१५ चं बाबासाहेबांचं नाणंही आहे. ज्या चांद्यात बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा दिली, तिथे त्यांचं नाणं परत ढकललं जावं याला काय म्हणायचं! नवं स्मारक नाणं घ्यायला खळखळ आणि खोट्या १८१८ साठी रांग.

राहिलं गुप्तधन. शेत नांगरताना हंडा लागला तर तो ज्याला लागेल त्याचा, असं धरून चालतात. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं जुनं धन जमिनीत सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कुणी मालक निघाला नाही आणि जागेच्या धन्याशी वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक हिस्सा त्या धन्याचा. सरकारला ते हवं असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन ते घेतं. लपवलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि हंडा म्हणजे सोनंच, असंही नाही: अभ्यासक ज्याला 'चांदा साठा' म्हणतात, ती सातवाहनांची नाणी जुन्या चांदा जिल्ह्यातच सापडली. ती सगळी मिश्रधातूची होती, सोन्याचं एकही नव्हतं.