जुन्या ट्रॅक्टरचा गिअर पडत नाही? आधी क्लच तपासा



नांगरट अर्ध्यावर आली आणि ट्रॅक्टरचा गिअर पडेना, अशी वेळ जुन्या ट्रॅक्टरवाल्यावर कधी ना कधी येतेच. मिस्त्री येतो, कान लावतो आणि म्हणतो, "बॉक्स खोलावा लागेल." बॉक्स खोलायचा म्हणजे बहुधा ट्रॅक्टर मधोमध सोडवायचा. त्यात दिवस मोडतात, पैसा जातो आणि वाफसा निघून जातो. म्हणून दोष गिअरबॉक्सात आहे की क्लचमध्ये, हे आपणच आधी पाहावे. त्याला पानासुद्धा लागत नाही.

क्लचचे पेडल पूर्ण दाबले की इंजिन फिरत राहते, पण गिअरबॉक्सात जाणारा शाफ्ट थांबला पाहिजे. तो थांबला नाही, तर फिरत्या दात्यांत आपण दुसरे दाते ढकलतो आणि करकर आवाज येतो. गिअर बिचारे चांगले असतात, दोष क्लचचा असतो.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, ब्रेक लावा, चाकांना दगड लावा आणि पुढेमागे कोणी उभे नाही ना, ते बघा. आता इंजिन बंद ठेवून सगळे गिअर एकेक टाकून पाहा. एखादा अडला, तर दाते समोरासमोर आलेले असू शकतात; दुसरा गिअर टाकून परत तो टाका. मग न्यूट्रल करून इंजिन सुरू करा, क्लच पूर्ण दाबा, मनात पाच अंक मोजा आणि रिव्हर्स टाका. बंद इंजिनावर गिअर सहज पडतात, पण चालू इंजिनावर थांबूनही करकरतात, तर क्लच पुरता सुटत नाही असे समजावे. थांबल्यावर सहज पडला, तर दोष ट्रॅक्टरचा नाही, आपल्या घाईचा आहे. इंजिन बंद असतानाही गिअर अडत असेल, तर मात्र लिव्हर किंवा आतले फोर्क पाहावे लागतील.

क्लच सुटत नसेल तर पेडलची मोकळी चाल मोजावी. इंजिन बंद करून पेडल हाताने दाबा. कडक लागेपर्यंत ते जितके सैल जाते, ती मोकळी चाल. बऱ्याच ट्रॅक्टरांत ती २ ते ४ सेंटिमीटर असते. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावा. चाल जास्त झाली की क्लच सुटत नाही. ती दांडीवरच्या नटाने कमी करता येते. पण "अजून थोडं आवळ" असं करू नये. चाल अजिबात उरली नाही, तर क्लच घसरू लागतो. इंजिन ओरडते, नांगर ओढला जात नाही आणि जळका वास सुटतो. पेडलवर पाय ठेवून ट्रॅक्टर चालवणाऱ्यांच्या क्लच प्लेटा याच रीतीने लवकर जातात. ही सवय मोडायला ड्रायव्हरला बजावून सांगावे लागते.

पावसाळाभर उभा राहिलेल्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट गंजून चिकटते. चाल बरोबर असूनही क्लच सुटत नसेल, तर हा संशय घ्यावा. ट्रॅक्टर बरेच दिवस उभा करायचा असेल, तर पेडल दाबून लाकडी ठोकळ्याने अडकवून ठेवावे.

गिअरबॉक्सच्या तेलाची काडीही काढून बघा. तेल दुधासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. पुष्कळदा गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून पाऊस आत जातो. रबर बदलून तेलही बदलावे. जुन्या तेलात लोखंडाचे तुकडे निघाले तर दाता तुटला आहे. मग बॉक्स खोलण्यात चालढकल नको.

चालता चालता गिअर आपोआप निसटत असेल, तर हे प्रकरण वेगळे आहे. आतली स्प्रिंग कमजोर, फोर्क वाकलेला किंवा दाते झिजलेले असतात. लिव्हर हाताने धरून किंवा दोरीने बांधून काम उरकू नका. भरलेली ट्रॉली उतारावर असताना गिअर निसटला, तर इंजिनाचा रोध जातो आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. असा ट्रॅक्टर दुरुस्त होईपर्यंत ट्रॉलीला जोडू नये.