गाजलेल्या गाण्यांचा वर्षानुक्रम

‘पूर्वींचीं गाणीं तीं गाणीं, आतांचा सारा गोंगाट,’ असा निवाडा घरोघरीं वडील मंडळी देतात. तरुणांस जुनीं गाणीं रडकीं वाटतात. केवळ जुनेपणावरून वा नवेपणावरून गुणदोष ठरवूं नयेत, असा इशारा कालिदासानें ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेंत दिलेला आहे. म्हणून आम्ही सुचवितों कीं, लहानथोरांनीं एकत्र बसून गाजलेलीं गाणीं वर्षानुक्रमें ऐकावीं, आणि मग काय तो निवाडा करावा.

आरंभ १९०२ पासून करावा. त्या वर्षीं ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित केलें. तिच्या पुष्कळ तबकड्यांच्या शेवटीं ती इंग्रजींत आपलें नांव सांगते. तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें तयार होत. आवाज कोणाचा हें तेथील कारागिरांस त्यावरून कळे. एका बाजूस जेमतेम तीन मिनिटें मावत. ‘वन्स मोअर’ घेत घेत रंगणारें नाटकाचें पद त्या मापांत बसवितांना आलाप-ताना छाटणें भागच होतें. तेव्हां गाणें आटोपशीर झालें तें रसिकांचा धीर सुटला म्हणून नव्हे, यंत्राच्या सोयीसाठीं.

१९२५ च्या सुमारास विद्युत्-ध्वनिमुद्रण निघालें. त्यापूर्वीं कर्ण्यासमोर खड्या आवाजांत गावें लागे. मायक्रोफोन आल्यावर हळुवार उच्चारहि स्पष्ट उमटूं लागला. मराठी भावगीतास अनुकूल भूमि मिळाली, त्याचें हें एक कारण होय. १९३० नंतरच्या दशकांत ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजांत घरोघरीं पोंचली. बोलपटानें रंगभूमि गिळली असा आरोप होतो. परंतु १९११ सालीं ‘मानापमाना’स चाली देणारे गोविंदराव टेंबे हेच १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’ ह्या बोलपटाचे संगीतकार होते, हें ध्यानांत ठेवावें.

पुढें नभोवाणी आली. १९५२ मध्यें बा. वि. केसकर मंत्री झाल्यावर आकाशवाणीनें चित्रपटगीतांस आळा घातला. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षीं तेथें ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि अमीन सयानी यांच्या तोंडून गाण्यांचा क्रम ऐकण्यास लोक आठवडाभर वाट पाहूं लागले. अखेर १९५७ मध्यें आकाशवाणीसहि विविध भारती काढावी लागली. उलट, १९५५ मध्यें पुणें केंद्रानें आरंभलेलें माडगूळकर-फडके यांचें ५६ गीतांचें ‘गीतरामायण’ लोकांनीं डोक्यावर घेतलें. लोकांची आवड हुकमानें वळत नाहीं; सकस कांहीं दिल्यास ती आपण होऊन वळते, हा बोध घरांतील वडिलांनींहि घेण्यासारखा आहे.

मात्र एक गोष्ट विसरूं नये. तबकड्या आणि क्रमवारी यांत जें विकलें गेलें तेंच राहिलें. आमच्या आज्या-पणज्यांच्या जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीचीं व भोंडल्याचीं गाणीं कोणी विकलीं नाहींत; त्यांतलीं असंख्य म्हणणारीबरोबरच गेलीं. आज ध्वनिमुद्रणाचें साधन प्रत्येकाच्या खिशांत आहे. वर्षानुक्रम ऐकून झाल्यावर मुलांनीं तो मोबाईल आजीपुढें ठेवावा, आणि तिला पाठ असलेलें सारें, सवडीनें, तीन मिनिटांची अट न घालतां उतरवून घ्यावें.