नोकरी सांभाळून धंदा (भाग 5) : पगाराने झाकलेला तोटा

माल कोणता निवडायचा ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आता हिशेब. नोकरी न सोडता धंदा सुरू करणाऱ्यांना भांडवलाची काळजी असते. मला त्यांच्या बाबतीत पगाराची जास्त काळजी वाटते. एक तारखेला पगार जमा होतो, घर चालतं, आणि धंद्यातून पैसा गळतोय हे दोन-दोन वर्षं लक्षातच येत नाही.

भिवंडीतलंच उदाहरण घेऊ. समजा, मानकोलीच्या एका गोदामात सुपरवायझर असलेला माणूस आणि त्याची बायको कापडी पिशव्या शिवून विकतात. कल्पना चांगली आहे. यंत्रमागाच्या या गावात फेंट, म्हणजे कापडाचे उरलेले तुकडे, किलोवर मिळतं, ताग्याचं कापड घ्यायची गरज पडत नाही. पिशवी 22 रुपयांना जाते. कापड 9 रुपये, दोरा आणि पट्टी 3 रुपये. पिशवीमागे 10 रुपये सुटले, महिन्याला हजार पिशव्या म्हणजे 10,000. वहीत एवढंच लिहिलेलं असतं आणि दोघंही खूश असतात.

आता वहीत नसलेलं पाहू. माल पोचवायला टेम्पोचे 1,500 रुपये गेले, ते नवऱ्याने पगारातून दिले. मशीनची दुरुस्ती, वीज आणि डाग पडून परत आलेला माल यांचे 1,000 घरखर्चात मिसळले. आणि शिलाई? हेच काम बाहेरच्या बाईला दिलं असतं, तर पिशवीमागे निदान 5 रुपये द्यावे लागले असते, म्हणजे 5,000. घरातल्या बाईने रात्री जागून शिवलं म्हणून ते फुकट झालं नाही. 10,000 मधून हे सगळं वजा केलं की उरतात 2,500. त्यात दुकानदार पैसे देतो दोन महिन्यांनी. म्हणजे विकलेल्या मालाचे 44,000 रुपये कायम बाजारात अडकलेले, आणि पुढचं फेंट आणायला पुन्हा पगारच.

2,500 रुपये वाईट नाहीत. पण 10,000 समजून दुसरं मशीन हप्त्यावर घेतलं, की गाडं फसतं. म्हणून पहिल्या दिवसापासून धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवा. पगारातून तिथे गेलेला प्रत्येक रुपया उसनवारी म्हणून लिहा आणि शिवणाऱ्या माणसाची मजुरी, ती घरातली असली तरी, खर्चात धरा. ती मजुरी दर महिन्याला तिच्या हातात पडली तर उत्तमच. सहा महिन्यांनी पगाराचा नळ बंद करून पाहा. सलग तीन महिने धंद्याने स्वतःचं फेंट स्वतःच्या पैशांनी आणलं, तरच तो उभा राहिला म्हणायचं.

मजुरीचा आग्रह मी का धरतो, ते आपल्याकडच्या एका जुन्या नावाजलेल्या उदाहरणातून कळेल. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. 1888 मध्ये बेळगावला सायकलींचं दुकान निघालं. लक्ष्मणराव मुंबईतून सायकली खरेदी करून पाठवायचे आणि त्यांचे बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे. नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावला गेले ते नंतर. आपण ही गोष्ट एका माणसाच्या जिद्दीची म्हणून सांगतो, पण दुकानात बसणारा माणूस दुसरा होता. नोकरदाराच्या प्रत्येक जोडधंद्यात असा एक रामूअण्णा असतो. भिवंडीत बहुतेक वेळा ती घरातली बाई असते आणि वहीत तिचं नावही नसतं.

नोकरीच्या अटींबद्दल थोडक्यात. नेमणुकीचं पत्र काढून वाचा; दुसरा व्यवसाय करायला मनाई असेल तर लेखी परवानगी घ्या. सरकारी नोकरांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू आहेत, त्यांना पूर्वपरवानगीवाचून धंदा करता येत नाही. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्याला मात्र यातलं काहीच सांगायला माझी जीभ रेटत नाही. त्याच्याकडे उरलेला वेळ झोपेचाच आहे.

उधारीकडे परत येऊ, कारण इथे कायदा खरोखर कामाचा आहे. त्यासाठी लागणारी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फुकट होते. एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी झालेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय 2024-25 या करनिर्धारण वर्षापासून मुदतीत पैसे न देणाऱ्या व्यापाऱ्याला ती खरेदी आयकरात खर्च म्हणून दाखवता येते ती प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच. त्यामुळे मार्च जवळ आला की मोठा व्यापारी स्वतःहून विचारतो, तुमची नोंदणी आहे का?

यात एक मेख आहे. हे संरक्षण माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही. पिशवी शिवून विकली तर ते मिळतं. तयार पिशव्या आणून विकल्या तर मिळत नाही. तेव्हा शिवणार असाल तर पहिला माल बाहेर पडण्याआधी नोंदणी करा, आणि प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक व पैसे देण्याची तारीख छापून घ्या. ओळखीच्या दुकानदाराला दिलेल्या बिलावरसुद्धा.