गगनगडावरचे ध्यान, कोल्हापूरचे पायताण

सकाळी झेन मठात ध्यानाला बसायचे आणि दुपारी कारागिराकडे मातीचे भांडे घडवायला शिकायचे, अशा एका दिवसाच्या सहली जपानमध्ये निघतात. ‘झेन’ हा शब्द मूळचा आपलाच. संस्कृत ‘ध्यान’ चीनमध्ये ‘चान’ झाले आणि जपानमध्ये ‘झेन’. मग असा दिवस आपल्याकडे का नसावा? मी तो गगनबावड्याला आखतो.

कोल्हापूरहून अंतर सुमारे ५५ किलोमीटर. पहाटे निघावे. गगनगडावर गगनगिरी महाराजांची तपोभूमी आहे. तिथे अर्धा तास नुसते बसून राहावे. पावसाळ्यात ढग अंगावरून जातात.

दुपारी कोल्हापुरात परतून चप्पल करणाऱ्या कारागिराचे काम पाहावे. कातडे हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावतात. त्याला घाई चालत नाही. पारंपरिक चपलेला खिळा नसतो, शिवण कातड्याच्याच वादीची. नाजूक वेणी बहुधा घरातल्या बायका घालतात. झेन मठात झाडलोट हीसुद्धा साधनाच मानतात. वेणीवर खिळलेली ती नजर पाहिली, की त्याचा अर्थ उलगडतो.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्र-कर्नाटकातले ८ जिल्हे येतात. पण नुसत्या मानांकनाने कारागिराची मुले या कामाला बसणार नाहीत. त्यासाठी श्रमाला दाम हवा. तेव्हा मंडळी, जोड पसंत पडला तर घासाघीस न करता घ्या.